फ्रीझरमधलं गुडघ्याचं औषध

आईवडिलांची गाडी फाटकाशी आल्याचा सिक्युरिटीचा फोन आला, तेव्हा शुभंकर फ्रीझरसमोर उकिडवा बसून हातातला निळ्या झाकणाचा डबा कुठे लपवावा या विवंचनेत होता. डब्यात त्याच्या बायकोचं दूध होतं.

दूध म्हणजे नावापुरतंच. सुई नसलेल्या बारीक बारीक सिरिंज होत्या, आणि प्रत्येकीत लोण्याच्या रंगाचे जेमतेम काही थेंब. सुखदाला नववा महिना लागला होता आणि गरोदरपणात तिची साखर वाढली होती. अशा आईच्या बाळाची साखर जन्मल्याबरोबर कधीकधी घसरते. त्या वेळी आईचाच चीक, म्हणजे पहिलं दाट दूध, हाताशी असला तर बाळाला लगेच पाजता येतो आणि बहुतेकदा वरच्या दुधाची पाळी येत नाही, असं डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं. म्हणून शेवटच्या आठवड्यांत रोज थोडा थोडा चीक हाताने काढायचा, सिरिंजमध्ये भरून गोठवायचा आणि दवाखान्यात जाताना बर्फात ठेवून न्यायचा.

सुखदा मूळची नागपूरची. बेळ्ळंदूरच्या एका कंपनीत दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधून काढायचं काम करायची. त्यामुळे एखादी सूचना मिळाली की ती अक्षरशः पाळायची, ही तिची सवय. पहिल्या दिवशी बराच वेळ खटपट करून एकच थेंब आला, आणि तो सिरिंजमध्ये ओढून घेण्याच्या कामावर नेमलेल्या शुभंकरने थेंबाऐवजी हवा ओढली. सुखदा त्याच्याशी संध्याकाळपर्यंत बोलली नाही. पुढे मात्र त्याचा हात असा बसला की थेंब दिसायच्या आधीच सिरिंज जागेवर तयार असे. ऑफिसात त्याच्या हाताखाली माणसं होती, पण इतक्या जबाबदारीचं काम आपल्याकडे पहिल्यांदाच आलंय असं त्याला मनापासून वाटत होतं.

सुखदाची अट एकच होती. हे घरात कोणाला कळता कामा नये. तिला लाज वाटत होती असं नाही. पण सासऱ्यांचं चिकपेटेत साड्यांच्या फॉलचं आणि अस्तरांचं दुकान होतं, आणि त्या घरात कुठल्याही गोष्टीची चौकशी मालाची केल्यासारखी व्हायची. उद्या सकाळी उप्पीट खाताना पुरुषोत्तमराव सहज विचारतील, ‘काय सुखदा, आज किती आलं?’ हा प्रश्न ऐकायची तिची तयारी नव्हती.

सासूबाईंची धास्ती शुभंकरने परस्परच घेतली होती. आई म्हणेल दृष्ट लागते, आई म्हणेल बाळाच्या वाट्याचं आधीच संपून जाईल, आणि मग बसवनगुडीतल्या सगळ्या मावश्यांना फोन जातील. यातलं काहीही त्याने आईला कधी विचारलं नव्हतं. तिच्या वतीने प्रश्नही त्यानेच केले होते आणि उत्तरंही त्यानेच दिली होती.

आई, म्हणजे श्यामलाबाई, घरात पाऊल टाकल्यावर आधी फ्रिज लावायला घेतात, हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. बाळंतपण होईपर्यंत राहायला म्हणून बसवनगुडीहून त्या सोललेले पावटे आणि खवलेला नारळ घेऊन निघाल्याचं फोनवर कळलंच होतं. लिफ्ट खालून वर यायला जेवढा वेळ लागतो तेवढाच वेळ त्याच्या हातात होता. त्याने डबा उचलला आणि समोरच्या दाराची बेल दाबली.

समोर कृष्णवेणीअक्का राहत. बँकेतून निवृत्त झालेल्या, नवरा वारलेला, मुलगी शिल्पाश्री हुबळीला दिलेली. एकटीचा संसार, त्यामुळे फ्रीझर मोकळाच. डबा काही दिवस ठेवून घ्याल का, असं शुभंकरने कन्नडात विचारलं. अक्कांनी विचारलं, आत काय आहे.

हा प्रश्न येईल हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. तो म्हणाला, औषध आहे. अक्कांनी विचारलं, कोणाचं. तो म्हणाला, अण्णांचं. वडिलांना तो अण्णा म्हणायचा. अक्कांनी विचारलं, कशावरचं. तेवढ्यात लिफ्टचं दार उघडलं, आणि एका हातात नारळाची पिशवी, दुसरा हात मांडीवर टेकवलेला, अशा थाटात पुरुषोत्तमराव लंगडत बाहेर आले.

“गुडघ्याचं,” शुभंकर म्हणाला.

घरी का ठेवत नाही, असंही अक्कांनी विचारलं. आईचा औषधांवर विश्वास नाही, ती टाकून देईल, असं तो पुटपुटला. अक्कांनी डबा घेतला, झाकण किलकिलं करून आत पाहिलं, मग शुभंकरकडे पाहिलं, आणि “सरी”, बरं, एवढंच म्हणून दार लावलं.

त्या दिवसापासून शुभंकरचा नेम सुरू झाला. संध्याकाळी ऑफिसमधून आला की तो आणि सुखदा खोलीचं दार लावून घ्यायचे, आणि थोड्या वेळाने तो शर्टाच्या खिशावर हात दाबून समोरच्या घरात जाऊन यायचा. श्यामलाबाई तेव्हा स्वयंपाकात असत. पुरुषोत्तमराव मात्र दिवाणखान्यात गुडघ्यावर शाल घेऊन बसलेले असत, आणि ज्या माणसाने उभा जन्म गिऱ्हाइकाच्या हाताकडे बघत काढला त्याला हातात काय दडलंय याची चाहूल लागतेच. बायको पोटुशी, दिवस भरत आलेले, आणि मुलगा रोज संध्याकाळी शेजारणीकडे छातीवर हात ठेवून जातो. त्यांच्या मनात नाही नाही ते आलं. शेजारीण त्यांच्याच वयाची आहे हे लक्षात आल्यावर मनातलं निवळलं, पण उलगडा होईना.

शेवटी एका दुपारी श्यामलाबाई डुलकी घेत होत्या तेव्हा ते स्वतःच समोर गेले. अक्कांनी त्यांना बसवलं, कॉफी दिली. बसवनगुडीत जन्म गेलेला माणूस, त्यांचं कन्नड मराठीइतकंच घरचं. त्यांनी आडून आडून विचारायला सुरुवात केली आणि शेवटी सरळच विचारलं, माझा मुलगा तुमच्याकडे रोज काय घेऊन येतो.

अक्कांनी फ्रीझरकडे एक नजर टाकली. मग शुभंकरने जे सांगितलं होतं तेच त्यांनी जसंच्या तसं सांगितलं. “तुमच्या गुडघ्याचं औषध, रावरे. तो म्हणाला तसं सांगते. घरी ठेवलं तर बाईसाहेब टाकून देतील म्हणाला.”

पुरुषोत्तमरावांनी कॉफीचा पेला खाली ठेवला. या मुलाने आजवर त्यांची तब्येत कशी आहे असं फोनवर विचारलं होतं तेही आईने सांगितलं म्हणून. आणि तोच मुलगा गाजावाजा न करता रोज थोडं थोडं औषध आणून साठवतोय. त्यांनी डबा बघायला मागितला. अक्कांनी फ्रीझर उघडून लांबूनच दाखवला. पिवळसर, दाट, बर्फासारखं घट्ट. किमती दिसतंय, असं ते म्हणाले. अक्का म्हणाल्या, किमती आहेच.

“मग स्वल्प लावून बघू का?”

अक्का आत गेल्या. फ्रीझरचं दार बंद झाल्याचा आवाज आला, मग भांड्याचा, मग गॅस पेटल्याचा. थोड्या वेळाने त्या वाटीत पिवळं, कोमट असं काहीतरी घेऊन बाहेर आल्या. पुरुषोत्तमरावांनी पँटचा पाय वर सारला आणि गुडघ्याला औषध चोळलं. बसून राहायचं नाही, अशी अक्कांनी ताकीद दिली. औषध लावलं की खाली बागेत फेऱ्या मारायच्या, तरच ते आत मुरतं.

ते दुसऱ्या दिवशीही गेले. मग रोजच जाऊ लागले. शुभंकर ऑफिसमधून यायच्या आत वाटी, चोळणं आणि फेऱ्या असा त्यांचा नेम बसला. घरी सांगताना ‘जरा फिरून येतो’ एवढंच सांगायचे. मुलगा आपल्यासाठी गुपचूप करतोय तर आपणही गुपचूप बरं करून घ्यावं, असा त्यांचा हिशेब होता. आठवडा उलटायच्या आत ते जिने उतरताना कठड्याला हात लावेनासे झाले. श्यामलाबाईंना वाटलं बेळ्ळंदूरची हवा मानवली, आणि या फेसाळलेल्या, वास मारणाऱ्या तळ्याच्या काठी ती कशी मानवेल याचं त्यांना नवल वाटलं.

पण कृतज्ञता फार दिवस पोटात ठेवणं पुरुषोत्तमरावांना जमेना. एका रात्री जेवणं झाल्यावर बाल्कनीत शुभंकर एकटा सापडला, तेव्हा ते त्याच्याजवळ जाऊन उभे राहिले. समोर रिंगरोडवर गाड्यांचे लाल दिवे जागच्या जागी थांबलेले होते.

“समोर अक्कांच्या फ्रीझरमध्ये काय आहे ते मला कळलंय,” ते म्हणाले.

शुभंकरच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तो खालच्या बागेकडे बघू लागला.

“लाजायचं काय त्यात,” पुरुषोत्तमराव म्हणाले. “उलट मला भरून आलं. हे सगळं करतं कोण?”

“सुखदाच,” शुभंकर म्हणाला. “मी नुसती सिरिंज धरतो.”

“म्हणजे घरीच?”

“घरीच. बाहेर कुठे मिळणार, अण्णा.”

“त्रास होत असेल तिला.”

“सुरुवातीला झाला. आता सवय झालीय.”

मुलगा औषध विकत आणतो असं पुरुषोत्तमराव समजत होते. सून या दिवसांत, एवढं पोट घेऊन, खोलीचं दार लावून सासऱ्यासाठी औषध कढवते हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. त्यांनी मुलाच्या पाठीवर हात ठेवला आणि आईला यातलं काही सांगणार नाही असा शब्द दिला.

शुभंकरने आत जाऊन सुखदाला सांगितलं की अण्णांना सगळं कळलंय आणि ते चक्क खूश आहेत. सुखदाने उशीत तोंड लपवलं. मग तिच्या लक्षात आलं की आता लपवालपवी निम्म्याने तरी कमी झाली, आणि तिला जरा हायसं वाटलं. सासरे कसे का असेनात, समंजस आहेत असं ती म्हणाली. हे मत तिने दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत टिकवलं.

सकाळी उप्पिटाच्या वेळी श्यामलाबाई आत कॉफी गाळत होत्या. पुरुषोत्तमराव सुनेकडे ओणवले आणि हलक्या आवाजात म्हणाले, “सुखदा, माझ्यासाठी जिवाला एवढा ताण देऊ नकोस. आणि इतकं दाट कशाला? स्वल्प पातळ केलंस तरी चालेल.”

सुखदाच्या घशात मोहरी अडकली. ठसका थांबल्यावर ती कशीबशी म्हणाली, “ते माझ्या हातात नाही, बाबा.”

“असं,” ते समजुतीने म्हणाले. “औषधाचं प्रमाण असतं म्हणा.”

हे शेवटचं वाक्य तिने नीट ऐकलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण तोवर ती पाण्याचा पेला घेऊन खोलीत पळाली होती.

सुखदाच्या आईचं नागपूरहून यायचं तिकीट डॉक्टरांनी दिलेल्या तारखेच्या बेताने काढलेलं होतं. बाळाने त्या तारखेची वाट पाहिली नाही. शुभंकर ऑफिसात एका मीटिंगमध्ये अडकला असताना घरी सुखदाच्या पोटात कळा सुरू झाल्या. तिने त्याला फोन केला. तो ताबडतोब निघाला आणि ताबडतोब रिंगरोडवर अडकला. श्यामलाबाईंनी बॅग घेतली, पुरुषोत्तमरावांनी गाडी बोलावली. लिफ्टपाशी सुखदाला एक कळ आली. ती ओसरेपर्यंत ती भिंतीला धरून उभी राहिली, आणि मग सासऱ्यांकडे वळून म्हणाली, “बाबा, अक्कांकडचा डबा. तो विसरू नका.”

पुरुषोत्तमरावांचे डोळे पाण्याने भरले. एवढ्या वेदनेत या मुलीला आपला गुडघा आठवतोय. जन्माला घातलेल्या पोरालाही अशा वेळी तो आठवला नसता. त्यांनी नको नको म्हणून पाहिलं, तेव्हा सुखदा जवळजवळ ओरडलीच की डबा घेतल्याशिवाय मी लिफ्टमध्ये पाय ठेवणार नाही.

अक्कांनी डबा बर्फाच्या पिशवीत घातला आणि दोन्ही हातांनी त्यांच्याकडे दिला. “रावरे, हा थेट नर्सच्या हातात द्या,” त्या म्हणाल्या. “मी मागून येतेच.” पुरुषोत्तमराव सरी सरी म्हणत लिफ्टमध्ये शिरले.

दवाखान्यात गेल्या गेल्या सुखदाला आत घेतलं. अर्ध्या वाटेत गाडी सोडून धावत आलेला शुभंकर घामाघूम होऊन पोचला आणि तोही आत गेला. पुरुषोत्तमराव मांडीवर पिशवी घेऊन बाहेर बसले. नर्सच्या हातात द्या असं अक्का म्हणाल्या होत्या हे त्यांना आठवत होतं. पण नर्सा इकडून तिकडे धावत होत्या, आणि सून बाळंत होत असताना आपल्या गुडघ्याचं औषध जपून ठेवा म्हणून त्यांना अडवणं त्यांच्या सभ्यपणात बसेना. बर्फ आहे तोवर काही बिघडत नाही, असा विचार करून ते बसून राहिले.

दुपार कलली तेव्हा शुभंकरने दारातून डोकं बाहेर काढून सांगितलं की मुलगी झाली, दोघी ठीक आहेत. श्यामलाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. पुरुषोत्तमराव उठून उभे राहायला गेले आणि गुडघ्याने दगा दिला. एवढा वेळ एका जागी बसून तो आखडला होता. नातीला पहिल्यांदा बघायला लंगडत जायचं त्यांना पटेना. त्यांनी पिशवी उघडली, डब्यातून एक सिरिंज काढली, मुठीत धरून आतलं औषध पातळ केलं आणि पँटचा पाय वर सारला.

“हे काय चाललंय?” श्यामलाबाईंनी विचारलं.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. गुडघ्याचं औषध आहे, सुखदाने स्वतः घरी केलंय, असं त्यांनी अभिमानाने सांगितलं. एक थेंब गुडघ्यावर पडला. तो चोळताना नेहमीसारखा तेलकट लागला नाही, उलट चिकट लागला, म्हणून ते सिरिंज उजेडात धरून बघू लागले.

तेवढ्यात दार उघडलं. विद्या नावाची नर्स आणि तिच्यामागे शुभंकर. बाळाची साखर कमी आलीय, आईचा चीक आणलाय ना, तो लगेच द्या, असं नर्स म्हणाली. शुभंकर वडिलांकडे बघून ‘डबा’ एवढंच म्हणाला. नर्सची नजर वडिलांच्या हातातल्या सिरिंजवर गेली. तिने काही न विचारता ती हातातून घेतली, वास घेतला, डबाही उचलला आणि वळली.

पुरुषोत्तमराव आयुष्यात जेवढ्या चपळाईने कधी उठले नसतील तेवढ्या चपळाईने उठले आणि दारात दोन्ही हात पसरून उभे राहिले. “ते लावायचं औषध आहे. पोटात द्यायचं नाही. माझ्या गुडघ्याचं आहे ते.”

नर्सने विचारलं, असं कोणी सांगितलं.

“या माझ्या मुलानेच.”

नर्स, श्यामलाबाई आणि बाकावर बसलेली दोन परकी कुटुंबं, सगळी शुभंकरकडे बघू लागली. आत बाळाची साखर कमी होती. शब्द निवडायला वेळ नव्हता. “अण्णा, ते सुखदाचं दूध आहे,” तो म्हणाला, आणि घाईत ते सबंध मजल्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला. नर्स पुरुषोत्तमरावांच्या पसरलेल्या हाताखालून वाकून आत निघून गेली.

ते सावकाश खाली बसले. पँटचा पाय तसाच वर. शुभंकर घाईघाईने समजावू लागला, साखर, डॉक्टर, चीक, फ्रीझर. पण त्यांच्या डोळ्यांपुढे दुसरंच चित्र होतं. रोजची वाटी, रोजचा गुडघा.

“म्हणजे मी इतके दिवस,” ते म्हणाले आणि थांबले.

“इतके दिवस काय?”

त्यांनी सांगितलं. मान खाली घालून, काही न गाळता सांगितलं. शुभंकर मटकन त्यांच्या शेजारी बसला. सिरिंजच्या टोकाशी श्वास रोखून गोळा केलेला एकेक थेंब त्याला आठवला. आता आत कमी पडलं तर? सुखदाला काय सांगायचं? तुझ्या सासऱ्यांच्या गुडघ्यात मुरलं?

“माझ्या नातीच्या तोंडचा घास मी गुडघ्याला चोळला,” पुरुषोत्तमराव म्हणाले. त्यांचा आवाज खरोखर फाटला होता.

आता आई काय म्हणते याची शुभंकर खाली मान घालून वाट बघत होता. त्या म्हणाल्या, “तू झालास तेव्हा तुझ्या आजीने माझा चीक मोरीत टाकायला लावला. म्हणाल्या, पहिलं दूध जड असतं, बाधतं. तुला साखरेचं पाणी पाजत होते. तू रडत होतास आणि माझा पदर भिजत होता, आणि तुला जवळ घेऊ देत नव्हते.” मग त्या शुभंकरकडे वळल्या. “तेव्हा मला कोणी विचारलं नाही. आणि आता तूही विचारलं नाहीस. फ्रीझर मी पावट्यांनी भरला असता, पण नातीच्या डब्याला मी कोपरा दिला नसता का?”

शुभंकरने आईचा हात धरला, आणि तिने तो धरू दिला.

बराच वेळ गेला. मग नर्स विद्या बाहेर आली. बाळाने सिरिंजमधला चीक चाटूनपुसून घेतला, मग आणखी थोडा दिला, आता आईच्या अंगावर ओढतेय आणि साखर वर आलीय, असं तिने सांगितलं. उरलेला डबा आमच्या फ्रीझरमध्ये ठेवलाय, भरपूर आहे, काळजी करू नका, असंही म्हणाली. तिने जाता जाता पुरुषोत्तमरावांच्या उघड्या गुडघ्याकडे एकदा बघितलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले.

“भरपूर कसा असेल?” शुभंकर म्हणाला.

त्याच वेळी कृष्णवेणीअक्का थर्मासमधून सगळ्यांसाठी कॉफी घेऊन जिना चढून आल्या. पुरुषोत्तमरावांनी त्यांना बघून तोंड फिरवलं. शुभंकरने झाला प्रकार सांगितला. अक्कांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं, कॉफी ओतली, आणि पहिला पेला पुरुषोत्तमरावांच्या हातात दिला.

“रावरे, तुमच्या गुडघ्याला मी सुनेचं दूध लावू देईन असं तुम्हाला वाटलं तरी कसं?” त्या म्हणाल्या. शिल्पाश्रीच्या बाळंतपणात असाच डबा महिनाभर त्यांच्या फ्रीझरमध्ये होता. झाकण उघडताच त्यांनी ओळखलं होतं. पण घरातलं गुपित शेजारणीने फोडायचं नसतं. मुलगा गुडघा म्हणाला, म्हणून त्याही गुडघा म्हणाल्या. डब्यातली एकही सिरिंज त्यांनी हलवली नव्हती. वाटीत असायचं ते तिळाचं तेल आणि चिमूटभर हळद.

पुरुषोत्तमरावांच्या छातीवरचं ओझं उतरलेलं बाकावरच्या परक्या माणसांनाही दिसलं. आधी शुभंकर हसला, मग अक्का, मग पुरुषोत्तमराव स्वतः डोळे पुसत हसू लागले. पण मग माझा गुडघा बरा कसा झाला, असं त्यांनी विचारलं. अक्का म्हणाल्या, रोज बागेत फिरलात म्हणून. आणि सगळे पुन्हा हसले.

श्यामलाबाई हसत नव्हत्या. त्या पेल्यातल्या कॉफीवरची साय बोटाने बाजूला करत होत्या.

“म्हणजे ते औषध नव्हतंच,” त्या म्हणाल्या. “नुसतं तेल होतं.”

“हो ना,” पुरुषोत्तमराव अजून हसतच होते.

“आणि फिरायला जातो म्हणून सांगून तुम्ही रोज अक्कांकडे जात होतात.”

“चोळायचो मीच, माझ्या हाताने.”

“आणि वाटी गरम कोण करायचं?”

कृष्णवेणीअक्कांना एकदम बाळ बघायची आठवण झाली. त्या दाराकडे निघाल्या, आणि त्यांना रस्ता दाखवायला म्हणून शुभंकरही निघाला. बाकावर नवराबायको दोघंच उरले.

“आपल्या घरी तिळाचं तेल नव्हतं का?” श्यामलाबाईंनी विचारलं.

पुरुषोत्तमरावांनी पँटचा पाय हळूहळू खाली केला, नीट घडी पाडून केला, आणि वाटीत दूधच असतं तर किती बरं झालं असतं, असं त्यांना मनापासून वाटलं.